परंतु

प्रति, सचिव महोदय,
कायद्याचं खाजगी विद्यालय, सुरुगादाई, तोक्यो.
टपालानं शिकणारा विद्यार्थी क्रमांक चारशे सतरा,
एचिगोच्या डोंगरातून सादर कळवतो की
एकोणिसावा अंक पोचला.
उशिरा पोचला, पण त्यात तुमचा दोष नाही.
इथे बर्फ छपराला टेकतं.
टपालवाला इसोहाची पायांना वेताच्या चकत्या बांधून येतो,
आधी शेगडीशी बसतो, मग थैली उघडतो.

तुमची शाळा मी पाहिलेली नाही.
ऐकून आहे की ती शेवयांच्या दुकानावर
भाड्याच्या माडीत भरते,
कचेऱ्या सुटल्या की न्यायखात्यातले साहेब
परदेशी कोटातच जिना चढतात,
आणि दिव्याचं तेल मुलांच्या वर्गणीतून येतं.
माझ्यापर्यंत नुसता आवाज येतो,
कोणीतरी भरभर उतरून घेतलेला,
पिवळ्या कागदावर, महिना वीस सेन.

दिवसा मी साकेच्या भट्टीत पिंपांचा हिशेब लिहितो.
रात्री वाचतो. 'हक्क' हा शब्द
माझ्या वडिलांना ठाऊक नव्हता.
विनंती ठाऊक होती, गाऱ्हाणं ठाऊक होतं,
कपाळ चटईला किती वेळ टेकायचं तेही ठाऊक होतं.

अठरावा अंक आला भात कापून झाल्यावर.
त्याची शेवटची ओळ होती:
'मालकाला आपल्या जमिनीचा
हवा तसा उपभोग घेण्याचा हक्क आहे, परंतु'
आणि तिथे पान संपलं.
मागच्या बाजूला शाईची जाहिरात.

त्याच आठवड्यात सावकार हिरात्सुकानं
गवताच्या डोंगराला कुंपण घातलं.
त्या डोंगराचं सरपण आम्ही कधीपासून आणतो
हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.
त्याच्याकडे कागद होता, लाल शिक्क्याचा.
म्हातारा गोंपाची माझ्या दारात येऊन म्हणाला,
'तू शिकतोस ना? मग काय म्हणतो कायदा?'
मी म्हणालो, कायदा टपालात आहे.

कोणी हसलं नाही.
माझी बायको रिसे म्हणाली, 'जेवढा आलाय तेवढा तरी न्या.'

गेलो. अकरा माणसं आणि एक पान.
हिरात्सुकानं चष्मा लावला.
'हक्क आहे' पाशी मान हलवली.
मग 'परंतु' पाशी आला,
पान उलटलं, शाईची जाहिरात वाचली,
पुन्हा उलटलं.
'पुढे काय?'
मी म्हणालो, पुढचा अंक यायचाय.
तोही कायद्याचा माणूस, कागदाला भिणारा.
आत गेला, बराच वेळ आला नाही.
शेवटी नोकराकरवी निरोप आला:
अंक येईपर्यंत फाटक उघडं राहील.

महोदय, मग बर्फ पडू लागलं.
इसोहाची कार्तिकात यायचा तो आलाच नाही.
अख्खा हिवाळा आमच्या चुली
तुमच्या 'परंतु'वर पेटल्या.
गोंपाचीची सून बाळंत झाली, पाणी त्यावरच तापलं.
लहान पोरं सरपणाची मोळी उचलताना
'परंतु!' असं ओरडायला लागली.

काल एकोणिसावा अंक उघडला.
परंतुच्या पुढे विहिरीबद्दल आहे.
शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती हात सोडून खणावी, ते.
डोंगराबद्दल अक्षर नाही.
सोबत तुमची चिठ्ठी:
हा कायदा अमलात येणं तूर्त लांबणीवर,
पंडितांचं एकमत नाही,
भरलेली फी परत मिळणार नाही.

फी मी मागत नाही. पुढच्या सहा महिन्यांची सोबत जोडली आहे.
हा अंक अजून कोणाला दाखवलेला नाही.
इसोहाचीला वाचता येत नाही, रिसेला येतं,
आणि ती काल रात्री काही न बोलता
शेगडीत लाकूड सारत होती.

एकच विचारायचं होतं.
छापखान्यात जो कोणी खिळे जुळवतो,
ज्यानं ते पान तिथे तोडलं,
त्याचं नाव कळेल का?
आमच्याकडे हिरात्सुका परवा अंक मागायला येणार आहे,
आणि मी